एक गोळी, दोन चिठ्ठ्या : सल्फासालाझिनचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागात माझं मेडिकल आहे. शेजारच्या गल्लीतले माग रात्री दहालाही चालू असतात, त्यामुळे काउंटरवर बोलताना दोन्ही बाजूंनी आवाज चढवूनच बोलावं लागतं. गिऱ्हाईक बहुतेक कारखान्यातले कामगार आणि घरी विडी वळणाऱ्या बाया. चिठ्ठी घेऊन येणारे कमी, "दोन गोळ्या द्या" म्हणणारे जास्त.

त्यातलाच एक यल्लप्पा. नाव बदललंय, बाकीचे ओळखीचे तपशीलही थोडे इकडेतिकडे केलेत. वय ३४, टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर कामाला, पाळी बारा तासांची. लग्नाला चार वर्षं झालेली, मूल नाही. बायको विड्या वळते.

साधारण फेब्रुवारीपासून त्याला आव पडायची, नंतर रक्त पडायला लागलं. लोकांनी सांगितलं मूळव्याध आहे, म्हणून त्याने चूर्ण घेतलं. एका डॉक्टरांनी जंत आणि आवेच्या गोळ्यांचे दोन कोर्स दिले. चार दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच. ही गोष्ट मला पुष्कळ उशिरा कळली. मला माहीत होता तो फक्त त्याचा गुडघा.

जूनमध्ये तो पहिल्यांदा गुडघ्यासाठी आला. "गुडघा लई दुखूलालाय मालक, पाळीला उभं राहता येईना." डावा गुडघा सुजलेला होता. मी डायक्लोफेनॅकच्या गोळ्या दिल्या. ही गोळी चिठ्ठीशिवाय द्यायची नसते हे मला ठाऊक आहे, आणि आमच्या गल्लीत ती कशी विकली जाते हेही. पुढचे चार महिने तो दर पंधरवड्याला एक पाकीट नेत राहिला. मधे घोटाही सुजला. माझ्याकडून गेलेली पाकिटं मी नंतर मोजली. नऊ भरली.

गुडघ्याची गोळी मागणाऱ्याला शौचाचं कोण विचारतं? मीही विचारलं नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी तो कारखान्यातच चक्कर येऊन पडला. दिवसातून आठ-नऊ वेळा संडास, प्रत्येक वेळी रक्त. हिमोग्लोबिन ९.२. पोटाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून मोठं आतडं पाहिलं आणि तुकडा तपासायला पाठवला. आपल्याकडे आतड्याचा क्षयरोग आणि अमीबाची आव अगदी असेच दिसू शकतात, म्हणून दोन्ही नाहीत याची आधी खात्री केली. निदान झालं अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज आणि जखमा, त्याच्या डाव्या भागात. गुडघा आणि घोटा ही त्याच आजाराची दुसरी शाखा असणार, असं ते म्हणाले. आतड्याच्या या दुखण्यात काही जणांचे मोठे सांधे सुजतात, आणि बऱ्याचदा पोट पेटलं की सांधेही पेटतात.

डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनच्या जातीच्या वेदनाशामकांनी असं आतडं आणखी भडकू शकतं. यल्लप्पाचं आतडं माझ्या नऊ पाकिटांनीच भडकलं असं कुणी सिद्ध करू शकणार नाही. त्यांनी काही झालंच नाही, असंही मला म्हणता येत नाही.

अडचण

नोव्हेंबरच्या मध्यावर स्टेरॉइड सुरू झालं. रोज ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, दोन आठवड्यांनंतर थोडं थोडं उतरवत न्यायचं. आठ दिवसांत रक्त थांबलं, गुडघाही उतरला. यल्लप्पाच्या हिशेबाने तो बरा झाला होता.

पण ही गोळी कायम ठेवायची नसते. साखर, रक्तदाब, हाडं, डोळे, सगळ्यांची किंमत ती हळूहळू वसूल करते. ती उतरत असताना आतडं आणि सांधे दोन्ही शांत ठेवील असं काहीतरी लागणार होतं. ते त्याच्या खिशाला परवडायला हवं होतं, आणि पाळी न बुडवता घेता यायला हवं होतं.

समोरचे पर्याय

पोटाच्या डॉक्टरांनी त्याला पर्याय सांगितले होते. ते तो माझ्याकडे पुन्हा समजून घ्यायला आला, तेव्हा मला कळले.

पहिला पर्याय मेसालामिन. आतड्याच्या या दुखण्याचं सरळ औषध, त्रास कमी, पण महाग आणि सांध्यांवर फारसं चालत नाही. दुसरा, मेथोट्रेक्झेट. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी. सांध्यांना चांगली, पण मोठ्या आतड्याच्या या आजारात तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. शिवाय चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते, हे मी दोन घरांत पाहिलंय. तिसरा, जैविक इंजेक्शनं. त्यांच्याआधी क्षयरोगाची तपासणी लागते, आणि किंमत ऐकूनच तो गप्प बसला. चौथा, वेदनाशामक चालूच ठेवणं. तो त्यांनी ऐकताक्षणी खोडला.

पाचवं सल्फासालाझिन.

या औषधाचा जन्म मोठा गमतीचा आहे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस नन्ना स्वार्ट्झ या स्वीडिश डॉक्टरबाई सांधेवातावर औषध शोधत होत्या. सांधेवातामागे जंतू असावेत, असं तेव्हा वाटायचं. म्हणून जंतूंसाठी सल्फा आणि सुजेसाठी सॅलिसिलेट अशी दोन औषधं एकाच रेणूत जोडली गेली. ती पोटाच्या दुखण्यालाही लागू पडली, आणि पुढे अनेक वर्षं पोटाची गोळी म्हणूनच जास्त ओळखली गेली.

यल्लप्पाला मी रेल्वेचं उदाहरण दिलं. दोन डबे एका कपलिंगने जोडलेत. गाडी मोठ्या आतड्यात पोचली की तिथले जंतू कपलिंग सोडतात. एक डबा तिथेच उतरतो, तो म्हणजे मेसालामिन, आतड्याची सूज तोच उतरवतो. दुसरा डबा, सल्फापिरिडिन, रक्तात निघून जातो. सांध्यांना उपयोग होतो तो मुख्यतः या दुसऱ्या डब्याचा असं मानतात, आणि बहुतेक त्रासही त्याचेच. म्हणजे मेसालामिन घेतलं तर त्रास कमी पण सांध्याचा डबा नाही, सल्फासालाझिन घेतलं तर दोन्ही डबे, आणि दुसऱ्याची भानगडही सोबत.

डॉक्टरांनी सल्फासालाझिन निवडलं. स्वस्त, एका गोळीत दोन कामं. दुखणं कंबरेच्या मणक्यात असतं तर तिचा फार उपयोग नव्हता. त्याचं गुडघ्यात आणि घोट्यात होतं.

पहिला निर्णयाचा क्षण : दोन चिठ्ठ्या

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात यल्लप्पा दोन चिठ्ठ्या घेऊन आला. एक पोटाच्या डॉक्टरांची. त्यावर औषधाचं मूळ नाव, ५०० मिलिग्रॅम, सकाळी दोन, रात्री दोन. दुसरी सांध्याच्या डॉक्टरांची, जे महिन्यातून एकदा बाहेरगावाहून येतात. त्यावर एका कंपनीचं नाव, खाली सकाळी दोन, रात्री दोन.

नावं वेगळी, गोळी एकच.

दोन्ही चिठ्ठ्या काउंटरवर शेजारी ठेवल्यावर मला ते दिसलं. घाई असती आणि त्याने एक चिठ्ठी सकाळी, एक संध्याकाळी आणली असती, तर दिसलं नसतं. त्या दिवसापासून तो आठ गोळ्या खाणार होता, म्हणजे ४ ग्रॅम. मोठ्या आतड्याच्या तीव्र दुखण्यात हा डोस कधीकधी देतातही, पण ठरवून आणि हळूहळू चढवत. पहिल्याच दिवशी आठ म्हणजे मळमळ, डोकेदुखी, आणि तिसऱ्या दिवशी "ही गोळी मला झेपत नाही" म्हणून बंद.

हे झालं कसं? सांध्याच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, आणखी काय चालू आहे? तो म्हणाला, "पोटाच्या गोळ्या." पोटाची फाईल घरी राहिली होती. गुडघा दाखवायला जाताना पोटाची फाईल कशाला न्यायची, असं त्याला वाटलं. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

मग दुसरी गोष्ट लक्षात आली. सुरुवातीच्या रक्ततपासणीचं दोन्ही चिठ्ठ्यांवर काहीच नव्हतं. या गोळीने पांढऱ्या पेशी घटू शकतात, लिव्हरला त्रास होऊ शकतो, आणि हे घडलं तर बहुधा पहिल्या तीन महिन्यांत घडतं. सुरू करण्याआधी एकदा, पुढचे तीन महिने दर पंधरा दिवसांनी, त्यानंतरचे तीन महिने महिन्यातून एकदा आणि मग दर तीन महिन्यांनी रक्त पाहायचं, असा साधारण शिरस्ता. त्या संध्याकाळी फोनवर बोललो तेव्हा पोटाच्या डॉक्टरांना वाटत होतं, तपासण्या सांध्याचे डॉक्टर करतील, या औषधावर लक्ष ठेवण्याची त्यांना जास्त सवय. सांध्याच्या डॉक्टरांचा समज नेमका उलटा. दोघांचंही म्हणणं बरोबर होतं, आणि रक्त कुणीच काढणार नव्हतं.

मला तेव्हा दोन वाटा होत्या. एक चिठ्ठी बाजूला सारून दुसरी द्यायची, किंवा गोळ्या न देता आधी फोन करायचा. पहिली सोपी होती. पण कुठली चिठ्ठी बाजूला सारायची हे ठरवणारा मी कोण? शनिवारची संध्याकाळ, गिऱ्हाइकांची रांग, फोन लागायला पाऊण तास लागला. तोवर यल्लप्पा पायरीवर बसून होता.

ठरलं ते असं. चिठ्ठी एकच, पोटाच्या डॉक्टरांची. पहिल्या आठवड्यात रोज एक गोळी, मग दर आठवड्याला एक वाढवत चारपर्यंत. सोबत रोज फोलिक ॲसिड, कारण ही गोळी फोलिक ॲसिडचं शोषण अडवते. रक्त, लिव्हर आणि किडनीच्या तपासण्या पोटाचे डॉक्टर पाहणार, अहवालाची एक प्रत सांध्याच्या डॉक्टरांना. गुडघ्यासाठी गरज पडली तर पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅक नाही. हे सगळं मी एका पुठ्ठ्यावर लिहून दिलं. तारखांचे रकाने आखले, पहिल्या ओळीत रक्ताची पहिली तारीख घातली.

गोळी देण्याआधी विचारलेलं

"सल्फाची ॲलर्जी आहे का?" असं विचारलं तर उत्तर नेहमी "नाही" येतं, कारण सल्फा म्हणजे काय ते कुणाला माहीत नसतं. म्हणून मी वेगळं विचारतो. कधी लघवीच्या किंवा जुलाबाच्या गोळीने अंगावर चट्टे उठले का, तोंडात फोड आले का? ॲस्पिरिनने दम लागला का? यल्लप्पाच्या आईला फोन लावला. लहानपणी तसं काही झालं नव्हतं. झालं असतं तर ही गोळी त्याच्यासाठी नव्हतीच. जी६पीडी नावाचं एन्झाइम कमी असलेल्यांमध्ये हिने लाल पेशी फुटू शकतात, म्हणून डॉक्टरांनी पहिल्या रक्ताबरोबर तेही पाहिलं. ठीक होतं.

गोळी अख्खी गिळायची, तोडायची नाही, हेही सांगितलं. तिच्यावरचं आवरण जठरात विरघळू नये म्हणून असतं. तरी पहिल्या आठवड्यात त्याने ती सुरीने अर्धी करून घेतली. मोठी आहे, घशात अडकते म्हणून. मग मळमळायला लागलं, म्हणून ॲसिडिटीचं पातळ औषध वरून घेतलं. त्यानेही ते आवरण लवकर सुटू शकतं. अख्खी गोळी जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर घ्यायला लागल्यावर दोन दिवसांत मळमळ थांबली.

मी न सांगितलेली एक गोष्ट

तिसऱ्या आठवड्यात तो आलाच नाही. चौथ्या दिवशी त्याची बायको आली. "मामा, ह्यांना कावीळ झाली. गोळ्या बंद केल्यात. उद्या कावीळ उतरवायला नेतोय."

लघवी केशरी झाली होती. बनियनही काखेत पिवळा पडला होता.

या गोळीने लघवी आणि घाम पिवळे-केशरी होतात. ते निरुपद्रवी आहे. हे मला माहीत होतं. मी त्याला पुरळ, ताप, पेशी सगळं सांगितलं, आणि जे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात डोळ्यांसमोर दिसणार तेच सांगायचं राहिलं. पुढच्या धोक्यांच्या यादीत इतका गुंतलो की रोज सकाळी दिसणारा रंग विसरलो.

मात्र "रंग बदलणारच" एवढ्यावर मी विषय सोडला नाही, कारण या गोळीने लिव्हरलाही खरोखर त्रास होऊ शकतो. बाहेर उजेडात त्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग पाहिला, पांढराच होता. भूक होती, खाज नव्हती. तरी पंधरवड्याचं रक्त दोन दिवस आधी काढायला लावलं. कावीळ दाखवणारं बिलिरुबिन आणि लिव्हरची एन्झाइमं नेहमीसारखी आली, पेशीही. डॉक्टरांना विचारून गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. चार दिवस गेले, स्टेरॉइड उतरत असल्याने ते महागात पडू शकले असते. पडले नाहीत.

गड्ड्याचा ताप

जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा, आम्हा सोलापूरकरांचा गड्डा. नंदीध्वजांच्या मिरवणुकीत पांढऱ्या बाराबंदीत चालणाऱ्यांत यल्लप्पाही होता. लहानपणापासून चालतो, बापाबरोबर चालायचा. त्याच आठवड्यात पुठ्ठ्यावर रक्ताची तारीख होती. ती गेली.

१७ तारखेला संध्याकाळी तो आला. घसा धरलेला, अंगात ताप. "गड्ड्याची धूळ लागली मालक. घशाची गोळी द्या."

त्या आठवड्यात अशी निदान वीस माणसं येऊन गेली होती. यात्रा भरते त्या होम मैदानावरची धूळ, रात्रीची थंडी, तीन दिवसांचं जागरण, सोलापुरात जानेवारीत सगळ्यांचेच घसे बसतात. मी कपाटाकडे वळलोही होतो. मग तोच म्हणाला, "त्या मोठ्या गोळ्यांबरोबर चालतील ना?"

त्याने हे विचारलं नसतं, तर मी अँटिबायोटिक दिलं असतं, असं आता वाटतं. पुठ्ठा माझ्याच अक्षरात होता आणि त्यावर खाली लिहिलेलं होतं : ताप, घसा, तोंडात फोड, अंगावर काळेनिळे डाग, यांतलं काही दिसलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्त. स्वतः लिहिलेलं माणूस सगळ्यात आधी विसरतं.

प्रयोगशाळा बंद व्हायला वीस मिनिटं होती. मुलाला मोटरसायकलवर पाठवलं. साडेनवाला आकडे आले. पांढऱ्या पेशी ३,२००, त्यातल्या जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल १,४००. प्लेटलेट ठीक. या औषधावर असताना पांढऱ्या पेशी ३,५०० च्या किंवा न्यूट्रोफिल १,६०० च्या खाली गेल्या तर थांबून डॉक्टरांना विचारावं, अशी मर्यादा ब्रिटनच्या संधिवाततज्ज्ञांच्या मार्गदर्शनात आहे. दोन्ही आकडे खाली होते.

डॉक्टरांनी फोनवर एक गोष्ट सांगितली, ती माझ्या ध्यानात नव्हती. तो अजून १० मिलिग्रॅम स्टेरॉइडवर होता, आणि स्टेरॉइडने पांढऱ्या पेशी सहसा वाढलेल्या दिसतात. तरीही त्या घटल्या होत्या. म्हणजे हा आकडा दिसतो त्याहून जास्त गंभीर धरायला हवा.

"गोळ्या बंद करायला सांगा," ते म्हणाले. मी काउंटरवर यल्लप्पाला तेच सांगितलं, आणि तो मान डोलावून निघाला. दारापर्यंत गेल्यावर मला सुचलं. परत बोलावलं आणि विचारलं, "कुठल्या गोळ्या बंद करणार?"

"सगळ्याच की."

त्यात स्टेरॉइडही आलं. दोन महिने चालू असलेलं स्टेरॉइड एका रात्रीत थांबवलं, तर शरीराचं स्वतःचं संप्रेरक अजून जागं झालेलं नसतं. त्यात ताप. माणूस कोसळू शकतो. मी सल्फासालाझिनचं पाकीट त्याच्याकडून काढून घेतलं. स्टेरॉइडच्या पाकिटावर जाड पेनने "चालू" असं लिहिलं. त्या संध्याकाळचा खरा धोका पेशींच्या आकड्यात होता की या एका वाक्यात, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

रात्री ताप १०१ च्या वर गेला तर थेट दाखल व्हायचं, असं ठरलं. गेला नाही. तीन दिवसांनी पेशी ३,७००, तीन आठवड्यांनी ५,८००. पेशी गोळीने घटल्या की विषाणूच्या तापाने, हे ठरवता आलं नाही. दोन्ही होऊ शकतं.

गोळी पुन्हा द्यायची की नाही? आकडा याहून खोल गेला असता तर प्रश्नच नव्हता, ती कायमची बंद झाली असती. इथे घट थोडी होती आणि कारण संशयास्पद. सांध्याच्या डॉक्टरांचा कल थांबण्याकडे, पोटाच्या डॉक्टरांचा पुन्हा एकदा पाहण्याकडे. या वेळी दोघं एकमेकांशी बोलले. फेब्रुवारीच्या मध्यापासून पुन्हा रोज एक गोळी, पहिला महिना दर आठवड्याला रक्त, आणि तीन गोळ्यांवर थांबायचं, चौथी नाही. पेशी पुन्हा घटल्या नाहीत.

उन्हाळा

एप्रिलमध्ये लघवीला जळजळ झाली. तपासणीत काही स्फटिक दिसले, किडनीचा आकडा ठीक होता. या औषधाला पाणी लागतं, नाहीतर स्फटिक आणि खडे होऊ शकतात. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर, वर पत्रा, खाली माग. आणि हा माणूस दिवसभरात एक लोटा पाणी प्यायचा. का? तर पोट बिघडलेलं असताना पाळीत सारखं संडासला जावं लागू नये म्हणून त्याने पाणी तोडलं होतं. पोट शांत होऊन काही महिने झाले तरी ती सवय सुटली नव्हती. आता दोन लिटरच्या बाटल्या घेऊन जातो. त्या रिकाम्या झाल्या की नाही, ते बायको रात्री पाहते.

जे कुणीच विचारलं नाही

मे महिन्यात तीच बायको एकटी आली. दुकान रिकामं होईपर्यंत बाजूला उभी राहिली. मग पाकीट पुढे करून हळूच विचारलं, "मामा, ह्या गोळीनं लेकरू राहत नाही काय?"

कुणीतरी सांगितलं होतं. ते खरं होतं. सल्फासालाझिनने पुरुषांमध्ये शुक्राणूंची संख्या आणि हालचाल कमी होते. गोळी थांबवल्यावर साधारण दोन-तीन महिन्यांत ती पुन्हा वाढते. कायमचं नुकसान होत नाही, पण मूल हवं असलेल्या जोडप्याला हे सुरू करण्याआधी माहीत असायला हवं. पोटाच्या डॉक्टरांनी, सांध्याच्या डॉक्टरांनी आणि मी, तिघांनी त्याला मिळून कितीतरी प्रश्न विचारले होते. मूल हवंय का, हा त्यात नव्हता. मेथोट्रेक्झेट बाद करताना हा विचार करायला हवा होता, तर तेव्हाही तो पैसे आणि आतड्यापुरताच झाला.

मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. एक, गोळी आपल्या मनाने थांबवायची नाही. दुसरी, चार वर्षांपैकी साडेतीन वर्षं ही गोळी नव्हती, त्यामुळे सगळं हिच्यावर ढकलू नका, दोघांचीही तपासणी करा. तपासणीत त्याची संख्या बरीच कमी आली.

पर्याय पुन्हा मांडले गेले. सल्फासालाझिन चालू ठेवून वाट पाहायची, की फक्त पहिला डबा, म्हणजे मेसालामिन, घ्यायचा? सांध्यांचं काय, ही भीती होती. पण स्टेरॉइड फेब्रुवारीतच संपलं होतं, आतडं शांत होतं, आणि आतड्याबरोबर पेटणारे सांधे आतड्याबरोबर शांतही राहू शकतात. जूनपासून मेसालामिन सुरू झालं. महाग आहे. विड्यांच्या पैशातून त्याचा महिन्याचा खर्च निघतो.

वेगळं काय करता आलं असतं

सुरुवातीच्या नऊ पाकिटांबद्दल आता माझी एकच पद्धत आहे. सांधेदुखीची गोळी मागणाऱ्याला मी शौचाला कसं होतं, रक्त पडतं का, हे विचारतो. परवा एक जण चिडला, "गुडघा दाखवला की तुम्ही पोट विचारता!" गोळी न घेताच गेला. दुसऱ्या मेडिकलमधून घेतली असणार.

दोन डॉक्टरांमधला गोंधळ मी पकडला हा योग होता. तो योगावर सोडायचा नसेल, तर पहिल्याच दिवशी पुठ्ठ्यावर "रक्त कोण पाहणार" हा रकाना हवा. आता माझ्या पुठ्ठ्यावर तो सगळ्यात वर असतो. गोळीचं मूळ नावही, कंपनीचं कुठलंही असो.

रक्ताच्या तारखा मी पंचांग न पाहता घातल्या, ही माझी चूक. यात्रेच्या आठवड्यात सोलापुरातला माणूस रक्त द्यायला जाईल, हे मला कसं वाटलं कोण जाणे. तपासणीला जायचं म्हणजे पाळी बुडायची, म्हणून आता पहाटे उघडणाऱ्या प्रयोगशाळेत पाळीच्या आधीची वेळ ठरवून देतो. त्यामुळे चुकणाऱ्या तारखा कमी झाल्या, थांबल्या नाहीत.

सुरुवातीलाच मेसालामिन दिलं असतं तर? सांधे कदाचित आतड्याबरोबरच उतरले असते, पेशींचं प्रकरण झालं नसतं, आणि मुलाचा प्रश्नही आला नसता. पण डिसेंबरमध्ये त्याला ते परवडत नव्हतं, आणि गुडघ्याने त्याची नोकरी जायच्या बेतात होती. तेव्हाच्या माहितीवर डॉक्टरांचा निर्णय मला आजही पटतो. एक प्रश्न जास्त विचारला गेला असता, तर तोच निर्णय नवरा-बायकोने मिळून घेतला असता, इतकंच.

आज

ऑगस्टचा मध्य आहे. संडास दिवसातून एक-दोनदा, रक्त नाही. हिमोग्लोबिन १२.८. गुडघा सकाळी दहा मिनिटं आखडतो, मग मोकळा होतो. पाळी पूर्ण करतो. मेसालामिनलाही किडनीची तपासणी अधूनमधून लागते, ती तारीख पुठ्ठ्यावर आहे. जुना पुठ्ठा भरला म्हणून त्याने नवा मागून घेतला, आणि या वेळी रकाने स्वतःच आखले. गणपतीच्या आठवड्यात एकही तारीख घातलेली नाही. शुक्राणूंची फेरतपासणी विसर्जनानंतरच्या सोमवारी आहे.